एंजलच्या डोळ्यात फूल पडलंय: मार, जंतू की आणखी काही?

खारा_वारा | ४ मार्च, रात्री १०:१२

माझ्या कोरल ब्यूटी या एंजल माशाचा डावा डोळा कालपासून पांढुरका दिसतोय. घरचे म्हणतात डोळ्यात फूल पडलंय, आणि दिसतंही तसंच. बाहुलीवर दुधाचं पाणी पसरल्यासारखं. उजवा डोळा स्वच्छ आहे.

टाकी समुद्री माशांची, काचेच्या मापाने ४५० लिटर. खडक-वाळू वजा करून सम्प (फिल्टरची जोडटाकी) धरला तर पाणी ४०० लिटरच्या आसपास. टाकीला दहा महिने झाले. सोबत क्लाउन माशांची जोडी, एक मेलानुरस रास मासा आणि पाच आठवड्यांपूर्वी आणलेला यलो टँग मासा. थोडे सॉफ्ट कोरल, दोन-तीन एलपीएस (मोठ्या पॉलिपचे टणक कोरल). आजची मोजणी: सॅलिनिटी १.०२५, तापमान २५.८, पीएच ८.१, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २०.

तीन दिवसांपूर्वी खडक हलवायचे होते म्हणून याला जाळीने धरलं. गालावरचा काटा जाळीत अडकला आणि सोडवताना मिनिटभर चांगलीच झटापट झाली. तेव्हाच लागलं असेल का? खाणं नेहमीसारखं आहे.

घरात माशांचं टेट्रासायक्लिन, म्हणजे अँटिबायोटिक, पडलंय. टाकीत घालू का? उद्या सकाळी घालायचा विचार आहे, त्याआधी कुणी सांगितलं तर बरं.

रात्रपाळी | ४ मार्च, रात्री १०:१९

घालू नकोस. कारण सांगायला जाणकार येतीलच, पण तोवर ती पुडी उघडू नकोस.

प्रवाळवेडा | ५ मार्च, सकाळी ७:०५

रात्रपाळीला अनुमोदन. एक तर समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. टेट्रासायक्लिन त्यांच्याशीच बांधलं जातं आणि माशापर्यंत फारच थोडं पोचतं. उजेडात पाणी तपकिरी होतं ते वेगळंच. दुसरं म्हणजे हे औषध भल्या-बुऱ्या जंतूंत फरक करत नाही. खडकातले अमोनिया पचवणारे जंतू मेले तर आज एका माशाचा एक डोळा आहे, आठवड्याभरात पाच माशांचे दहा होतील.

आता डोळ्याचं बघू. माशाला पापणी नसते, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा थेट पाण्याला लागून असतो. समुद्री माशाच्या अंगातला द्रव बाहेरच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांशच खारट असतो. पडद्यावरची नाजूक त्वचा शाबूत आहे तोवर आतलं आत आणि बाहेरचं बाहेर राहतं. तिला ओरखडा पडला की मीठ आत शिरतं, पाणी बाहेर ओढलं जातं आणि काचेसारखा थर दुधाळ होतो. म्हणजे पांढरेपणा दिसला की जंतूच झाले असं नाही. साध्या खरचटण्यानेही डोळा असाच दिसतो.

एकच डोळा, दोन-तीन दिवसांपूर्वी जाळीतली झटापट, पाणी ठीक, भूक ठीक. माझ्या मते हा मार आहे. काही करू नकोस. पाणी स्वच्छ ठेव, कोण त्याच्या मागे लागतंय का ते बघ. आठवडाभरात, फार तर दोन आठवड्यांत उतरतं.

शंखिनी | ५ मार्च, सकाळी ९:४०

मार असू शकतो, पण आधी पांढरेपणा नक्की कुठे आहे ते बघ. टाकीचे दिवे बंद कर, खोलीत अंधार कर आणि छोटी टॉर्च बाजूने, तिरकी मार. समोरून मारलीस तर सगळंच चमकतं.

सारा, म्हणजे हा पांढुरका थर, अगदी वरच्या पृष्ठभागावर असेल तर प्रकाश तिथेच पसरतो आणि बाहुली मागे धूसर दिसते. हा पुढच्या पडद्याचा प्रश्न. पडदा स्वच्छ असून बाहुलीच्या आत पांढरा मणी दिसत असेल तर तो मोतीबिंदू. माशाचं भिंग आपल्यासारखं चपटं नसतं, गोल गोटीसारखं असतं, त्यामुळे तो मणी ओळखू येतो. पडदा आणि भिंग यांच्यामध्ये लालसर काही साचलं असेल तर रक्त. तिथे चमकणारे बुडबुडे असतील तर वायू, आणि मग पंप कुठे हवा ओढतोय का ते शोधायचं.

नंतर वरून बघ. दोन्ही डोळे सारखेच बाहेर आलेत की एक जास्त? डोळा सुजून पुढे आला असेल तर त्रास डोळ्याच्या मागे आहे, पुढचं सगळं वेगळं.

फोटो काढशील तर बाजूने काढ, फ्लॅश बंद.

जुना_गळ | ५ मार्च, दुपारी १:२२

दोन प्रश्न. टँग क्वारंटाइन करून आणला होता का? आणि एंजल खडकाला अंग घासतो का?

खारा_वारा | ५ मार्च, रात्री ९:३०

शंखिनीताई, टॉर्चने बघितलं. सारा वरच आहे, पातळ आणि सगळीकडे सारखा. खड्डा नाही, कापसासारखं काही चिकटलेलं नाही. वरून दोन्ही डोळे सारखे दिसतात. आत मणी नाही. फोटो जोडलाय.

काका, टँग थेट टाकीत सोडला होता. दुकानात तो तंदुरुस्त दिसत होता. घासण्याचं म्हणाल तर कधीतरी एखादी गिरकी मारतो, पण एंजल असं करतातच ना?

प्रवाळवेडा म्हणतात तसं थांबतो. टेट्रासायक्लिन कपाटात परत गेलं.

फुगामासा | ५ मार्च, रात्री ११:०२

धागा डोळ्यांचा आहे म्हणून मध्येच विचारतो. माझ्या पोर्क्युपाइन पफरच्या डोळ्यात हिरवे-निळे कण चमकतात, चमचमत्या भुकटीसारखे. प्रकाशाचा कोन बदलला की दिसतात, नाहीतर गायब. हाही सारा आहे का?

शंखिनी | ५ मार्च, रात्री ११:३०

नाही हो, ते त्याचं देणं आहे. पफरच्या डोळ्याच्या पडद्यात असे प्रकाश फाकवणारे थर असतात. कोन बदलल्यावर जे दिसेनासं होतं तो आजार नव्हे. सारा कुठल्याही कोनातून साराच दिसतो.

मात्र पफरवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. या माशाला नेहमीसारखे खवले नाहीत, तांब्याची औषधं त्याला जड जातात. आणि तो खातो तितकीच घाणही करतो. पफरचे दोन्ही डोळे एकदम धुरकट झाले तर औषधाच्या आधी टेस्ट किट हातात घ्या.

ओहोटी | ६ मार्च, सकाळी ८:१५

लायनफिशचं कुणी सांगेल का? माझ्याकडच्याचे दोन्ही डोळे काही आठवड्यांनी धुरकट होतात. एक-दोन दिवस खात नाही, प्रवाहात जाऊन अंग झटकतो, मग डोळे पुन्हा लख्ख. पहिल्यांदा मी घाबरून अर्धं पाणी बदललं होतं.

जुना_गळ | ६ मार्च, सकाळी ८:५०

कात टाकतोय तो. लायनफिश आणि त्याची स्कॉर्पियनफिश भावंडं अंगावरचा बारीक थर अधूनमधून सोडून देतात. त्यात शेवाळ आणि बारीक जीव निघून जातात. डोळ्यावरचाही थर सुटतो, म्हणून तेवढ्यापुरतं धुरकट दिसतं. पाण्यात जाळीदार पापुद्रा तरंगताना दिसला असेल. काही करू नका. फक्त तीन-चार दिवसांनीही डोळा तसाच राहिला तर मग बघा.

शंखिनी | ६ मार्च, सकाळी १०:०५

पाण्यावरून माझा जुना मूर्खपणा सांगते, कारण हा सापळा फार सोपा आहे.

माझ्या एका टँगच्या एका डोळ्याला लागलं होतं. मी त्याला चाळीस लिटरच्या रिकाम्या हॉस्पिटल टाकीत हलवलं आणि अँटिबायोटिक सुरू केलं. फिल्टरचा स्पंज नवाकोरा होता, त्यात अमोनिया पचवणारे जंतू रुजवलेले नव्हते. तिसऱ्या दिवशी दुसराही डोळा पांढरा. मी म्हटलं संसर्ग पसरला, आणि डोस वाढवला. चौथ्या दिवशी कुणीतरी विचारलं, अमोनिया किती? मोजला तर किटचा रंग गडद हिरवा. मी माशाला बरं करत नव्हते, त्याचे डोळे भाजत होते.

समुद्री टाकीत हे जास्त लागतं कारण आपला पीएच वरचा. एकूण अमोनियापैकी विषारी हिस्सा पीएच ७ ला जेमतेम अर्धा टक्का असतो. ८.२ ला आणि २५ अंशांना तो सहा-सात टक्क्यांवर जातो. तोच आकडा, पण विष दहापट. त्यामुळे गोड्या पाण्याच्या टाकीत "थोडासा" म्हणून चालून जाणारा अमोनिया इथे चालत नाही.

तेव्हापासून सम्पमध्ये एक जादा स्पंज कायम पडलेला असतो.

रात्रपाळी | ६ मार्च, सकाळी १०:४०

हे वाचून सम्पमध्ये स्पंज टाकायला उठलो.

दर्यागर्दी | ६ मार्च, रात्री ८:१०

सगळे थांबा-थांबा म्हणताय, पण एप्सम सॉल्ट घालायला काय हरकत आहे? २० लिटरला एक मोठा चमचा. माझ्या क्लाउनचा सुजलेला डोळा त्याने चार दिवसांत बसला. सगळीकडे हेच सांगतात.

प्रवाळवेडा | ६ मार्च, रात्री ९:००

त्याचा डोळा सुजलेलाच नाही, तर सूज उतरवायचं मीठ कशाला? आणि समुद्री पाण्यात त्याचा किती उपयोग होतो याबद्दल मला शंकाच आहे. हिशोब करून बघा. मोठा चमचा म्हणजे साधारण १५ ग्रॅम, २० लिटरमध्ये लिटरला पाऊण ग्रॅम. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम दहा टक्क्यांच्या आतबाहेर, म्हणजे लिटरला ७५ मिलिग्रॅमची भर. समुद्राच्या पाण्यात ते आधीच १३०० च्या घरात असतं. सहा टक्क्यांचीही वाढ नाही. गोड्या पाण्यात हाच चमचा मोठी उडी ठरते, तिथून हा सल्ला इकडे वाहत आला असावा.

दर्यागर्दी | ६ मार्च, रात्री ९:१२

मग माझ्या क्लाउनचा डोळा कशाने बसला?

प्रवाळवेडा | ६ मार्च, रात्री ९:१५

एका बाजूची, माराची सूज बऱ्याचदा आपोआप बसते. चमचा घालून बसली की श्रेय चमच्याला.

दर्यागर्दी | ६ मार्च, रात्री ९:१७

असेल. तरी मी घालणारच. अपाय तर नाही ना?

प्रवाळवेडा | ६ मार्च, रात्री ९:२०

त्या मात्रेत नाही. घाला.

खारा_वारा | ८ मार्च, संध्याकाळी ६:४५

वाईट बातमी. आजपासून उजवा डोळाही धुरकट आहे. डावा होता त्याहून दाट. भूक निम्म्यावर आली, तुकडा तोंडात घेतो आणि थुंकतो. काल रात्री मोजलं तर कल्ले मिनिटाला १३० च्या वर हलत होते. क्लाउनचे ९० भरले. आणि काका, तुम्ही विचारलं होतं म्हणून अर्धा तास नुसता बसून बघितलं: एंजल नऊ वेळा खडकाला घासला. टँगही तीन वेळा.

पाणी पुन्हा मोजलं, सगळं पूर्वीसारखंच.

प्रवाळवेडा | ८ मार्च, संध्याकाळी ७:०५

माझं चुकलं. जाळीची गोष्ट इतकी चपखल बसली की पुढे विचारच केला नाही. काकांचे दोन्ही प्रश्न बरोबर होते आणि त्यांच्या उत्तरांवरून तेव्हाच थांबायला हवं होतं.

जुना_गळ | ८ मार्च, संध्याकाळी ७:३०

चूक-बरोबर राहू द्या, मीही नुसते प्रश्न विचारून गप्प बसलो. "एक डोळा म्हणजे मार, दोन म्हणजे पाणी किंवा रोग" हा ठोकताळा खोटा नाही, पण परजीवी दोन्ही डोळ्यांवर एकाच दिवशी मुहूर्त काढून बसत नाहीत.

मला फ्लूकचा संशय आहे. चपटा किडा, अंगावर आणि डोळ्यावर चिकटतो, आणि खाऱ्या पाण्यात जवळपास पारदर्शक असतो, म्हणून दिसत नाही. डोळ्याच्या पडद्यावर बसून वरची त्वचा खातो, म्हणून सारा. एंजल, बटरफ्लाय आणि टँग ही त्याची आवडती घरं. क्वारंटाइन न केलेला टँग आणि पाच आठवडे, एवढं पुरे.

पण आधी एक गोष्ट खात्रीने नाकारायची: व्हेल्व्हेट, हा आणखी एक परजीवी रोग. त्यातही डोळे धुरकटतात, श्वास वाढतो. सांग बरं, मासा पॉवरहेडच्या (टाकीतल्या पंपाच्या) प्रवाहात तोंड खुपसून उभा राहतो का? उजेड टाळतो का? टॉर्च तिरकी मारल्यावर अंगावर बारीक पिठासारखी धूळ दिसते का?

खारा_वारा | ८ मार्च, संध्याकाळी ७:४४

प्रवाहात जात नाही. उजेडात फिरतोय. धूळ दिसली नाही, पांढरे ठिपकेही नाहीत. बाकी मासे ठीक आहेत.

जुना_गळ | ८ मार्च, रात्री ८:००

मग वेळ आहे. व्हेल्व्हेट असतं तर इतके दिवस मिळालेच नसते, तो दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी करतो. त्याला सहसा तांब्याचं औषध लागतं, तेही वेगळ्या टाकीत, रोज किटने मोजून. रीफमध्ये, म्हणजे कोरलच्या टाकीत, तांबं घातलंत तर कोरल आणि गोगलगायी जातात, आणि ते खडकात मुरतं ते वेगळंच.

उद्या गोड्या पाण्याची बुडी द्या. हाच तपास आणि हाच थोडा उपचारही.

शंखिनी | ८ मार्च, रात्री ८:४०

बुडी घाईने देऊ नकोस, पण नीट दिलीस तर घाबरण्यासारखं नाही.

तळ गडद असलेली बादली घे, पडलेले किडे दिसायला हवेत. आरओडीआयचं (गाळून क्षार काढलेलं) पाणी, म्हणजे क्लोरिनचा प्रश्न नाही. हीटरने तापमान टाकीइतकं आण, अर्ध्या अंशाचा फरक पुष्कळ झाला. आरओडीआयच्या पाण्याचा पीएच घसरलेला असतो, चिमूटभर खाण्याचा सोडा घालून आठच्या आसपास आण. तासभर हवेचा दगड सुरू ठेव, मगच मासा.

मासा जाळीने धरू नकोस! पारदर्शक डब्यात हाकलून घे. गालाचा काटा एकदा अडकलाय तेवढं बास.

पाच मिनिटं. पहिल्या मिनिटात तो आडवा पडेल, धडपडेल, मेल्याचं सोंगही घेईल. तेवढ्यावरून बाहेर काढू नकोस. पण हात लावल्यावर काहीच हालचाल नाही किंवा कल्ले थांबल्यासारखे वाटले तर लगेच काढ. परत टाकताना हळूहळू सवय लावायची नाही, थेट खाऱ्या पाण्यात.

गोड्या पाण्यात किड्याच्या अंगात पाणी शिरतं, तो फुगून पांढरा आणि अपारदर्शक होतो, मग सुटून पडतो. माशाला ते पाणी पाच मिनिटं सोसतं, किड्याला नाही.

खारा_वारा | ९ मार्च, दुपारी १२:२०

हात अजून थरथरतायत.

मासा आडवा पडला तेव्हा दुसऱ्याच मिनिटाला काढणार होतो, बायकोने हात धरला. साडेतीन मिनिटांनी डाव्या डोळ्यावरून काहीतरी सरकलं. पांढरं, चपटं, तिळासारखं, तीन-चार मिलिमीटर. मग उजव्या डोळ्यावरून एक, मग अंगावरून. पाच मिनिटांत तळाला अकरा मोजले. ज्या डोळ्याकडे मी आठवडाभर टॉर्च मारत बसलो होतो त्याच डोळ्यावर तो किडा बसलेला होता!

टँगलाही बुडी दिली. चार पडले. दोघेही परत टाकीत, एंजल खडकामागे आहे.

फुगामासा | ९ मार्च, दुपारी १२:३१

अकरा! आता मी माझ्या पफरकडे संशयाने बघतोय.

जुना_गळ | ९ मार्च, दुपारी १:१०

छान केलंत. पण बादलीत पडले ते मोठे. कल्ल्यांत बसलेले पुष्कळदा वाचतात, आणि अंडी टाकीत आहेत. अंड्यांना बारीक धागे असतात, त्यांनी ती खडकाला, जाळीला, कशालाही गुंततात. म्हणून नुसत्या बुडीवर थांबलात तर पंधरवड्यात पुन्हा हेच.

प्राझिक्वांटेल हे किड्यांचं औषध घ्या, लिटरला २.५ मिलिग्रॅम. तुमच्या ४०० लिटरला बरोबर १ ग्रॅम. ४५० धरू नका, खडकाची जागा वजा करूनच मोजायचं. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि यूव्ही दिवा बंद, फिल्टरमधला कार्बन बाहेर, नाहीतर औषध त्यांतच संपेल. आणि हवा वाढवा, या औषधात पाण्यातला प्राणवायू कमी पडू शकतो.

हे औषध अंडी मारत नाही. २५-२६ अंशांना अंडी साधारण पाच ते सात दिवसांत फुटतात. म्हणून दुसरा डोस सातव्या दिवशी. नवी पिल्लं बाहेर आलेली असतात, पण स्वतः अंडी घालण्याइतकी वाढलेली नसतात, तेव्हाच गाठायची.

प्रवाळवेडा | ९ मार्च, दुपारी २:००

रीफमध्ये घालायचं की नाही यावर माझं थोडं वेगळं मत आहे. कोरलना सहसा काही होत नाही, पण प्राझिक्वांटेल किड्यांचं औषध आहे आणि आपल्या खडकात किडेच किडे असतात. फेदर डस्टर (नळीत राहणारे, पिसाऱ्यासारखे किडे) जाणार हे धरून चाल. ब्रिसल वर्म (खडकातले केसाळ किडे) खूप असतील तर ते मरून अमोनिया वाढेल. जमत असेल तर सगळे मासे हॉस्पिटल टाकीत हलवून तिथे उपचार कर, मुख्य टाकी काही आठवडे माशांविना ठेव. अंगावर बसायला मासाच नसेल तर पिल्लं दोन-तीन दिवसांत मरतात.

खारा_वारा | ९ मार्च, दुपारी २:२५

दादा, दुसरी टाकी नाही. स्पंजही रुजवलेला नाही. ताईंची गोष्ट वाचल्यावर पाच मासे बादलीवजा टाकीत कोंबायची हिंमत होत नाही. मुख्य टाकीतच घालतो.

प्रवाळवेडा | ९ मार्च, दुपारी २:३०

बरोबर आहे तुझं. मग १०० लिटर नवं खारं पाणी तयार करून ठेव, आणि अमोनिया रोज दोनदा मोज.

खारा_वारा | १० मार्च, रात्री १०:५०

पहिला डोस गेला. पूड पाण्यात विरघळता विरघळेना, तरंगत राहिली. टाकीच्याच पाण्यात झाकणाच्या बरणीत घालून पाच मिनिटं खळखळवली, मग प्रवाहात ओतली. पाणी दुधट दिसतंय.

खारा_वारा | १२ मार्च, सकाळी ७:३०

फेदर डस्टर गेले, तिन्ही. अमोनिया काल रात्री ०.२५ दिसला, ८० लिटर बदललं, आज शून्याच्या जवळ. पाण्याबरोबर औषधही गेलं म्हणून बदललेल्या पाण्याच्या हिशोबाने २०० मिलिग्रॅम पुन्हा घातलं. रास दोन दिवस वाळूतून बाहेर आला नाही.

एंजल मात्र आज पूर्ण खाल्ला. श्वास १००.

शंखिनी | १२ मार्च, सकाळी ९:००

रास गटातल्या काहींची या औषधाने भूक जाते. हवा चालू ठेव, येईल बाहेर. डोळ्यांकडे आता रोज टॉर्च मारू नकोस. किडे गेले तरी त्यांनी केलेली जखम आहेच, ती भरायला वेळ लागतो. या दिवसांत बघायचं ते एवढंच: सारा दाट होतोय का, कडा लाल होतेय का, पडद्यावर खड्डा किंवा कापसाचा पुंजका येतोय का, डोळा बाहेर येतोय का. यातलं काही झालं तर जखमेत जंतू शिरले. तिथे अँटिबायोटिकला अर्थ आहे.

ओहोटी | १२ मार्च, सकाळी ११:२०

आणि तेव्हा कुठलं? टेट्रासायक्लिन नाही म्हणालात.

शंखिनी | १२ मार्च, दुपारी १२:१५

समुद्री माशांत अशा जखमांत बहुधा व्हिब्रिओ आणि त्याचे भाऊबंद असतात, ग्रॅम-निगेटिव्ह गटातले जंतू. म्हणून कानामायसिनसारखी औषधं वापरतात, वेगळ्या टाकीत, रुजवलेल्या स्पंजसह. एरिथ्रोमायसिन या जंतूंवर फारसं चालत नाही. मासा खात असेल तर औषध खाण्यातून देणं सर्वात चांगलं, कारण पाण्यातलं औषध समुद्री माशाच्या आत किती पोचेल याचा भरवसा कमी. माशांचा डॉक्टर गाठता आला तर मात्रा त्यांच्याकडूनच घ्या. त्यांच्याकडे एक पिवळा-हिरवा रंगही असतो. तो डोळ्यात टाकून निळ्या उजेडात बघितलं की सोललेली जागा हिरवी चमकते, म्हणजे जखम आहे की नुसता सारा ते तिथेच कळतं. आणि सुरू केलंत तर पूर्ण दिवस द्या, डोळा बरा दिसला म्हणून मध्येच सोडू नका.

दर्यागर्दी | १३ मार्च, रात्री ८:३०

माझ्याकडे बारा वर्षांची क्लाउन मादी आहे. ताईंनी सांगितल्यासारखी टॉर्च मारली तर दोन्ही बाहुल्यांच्या आत पांढरा मणी. पडदा अगदी स्वच्छ. म्हणजे मोतीबिंदू ना? यावर काही औषध?

जुना_गळ | १३ मार्च, रात्री ९:१०

मोतीबिंदूच. वयाने होतो, खाण्यातल्या कमतरतेनेही होतो. मत्स्यपालनातल्या सामन माशांत हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडलं की मोतीबिंदू होतो, हे चांगलं तपासलेलं आहे. झालेला मात्र औषधाने जात नाही. एकाच प्रकारचं खाणं देत असाल तर बदलून द्या, पण भिंग परत पारदर्शक होईल म्हणून नव्हे.

आंधळी क्लाउन टाकीत मजेत राहते. रोज त्याच कोपऱ्यात, त्याच वेळी, चिमट्याने खाणं द्या. खडकांची मांडणी बदलू नका. माझ्याकडे एका डोळ्याचा टँग सहा वर्षं होता. नव्या माशांना धाक दाखवताना तो कायम चांगल्या डोळ्याची बाजू पुढे करायचा.

खारा_वारा | १७ मार्च, रात्री १०:०५

दुसरा डोस. या वेळी अमोनिया हलला नाही, बहुधा मरायचे ते किडे आधीच मेले. घासणं बंद झालंय, अर्धा तास बसून एकदाही नाही. डावा डोळा जवळजवळ साफ. उजव्यावर अजून पातळ सारा आहे. जाळी उन्हात कडकडीत वाळवली, त्यावरही अंडी असतील म्हणून.

जुना_गळ | १७ मार्च, रात्री १०:३०

जाळीचं बरं सुचलं. वाळली की अंडी मरतात. आठवड्याने दोघांना पुन्हा एकदा बुडी द्या. उपचार म्हणून नाही, बादलीच्या तळाला काय पडतं ते बघायला. एक जरी पडला तर तिसरा डोस.

खारा_वारा | २४ मार्च, दुपारी ४:००

दोघांनाही पाच-पाच मिनिटं. तळाला काही नाही. भिंग घेऊन बघितलं, तरी काही नाही. कार्बन आणि स्किमर सुरू केले. स्किमरने कपभर फेस दहा मिनिटांत बाहेर फेकला, पुन्हा बंद करून हळूहळू सुरू करावा लागला.

खारा_वारा | २ एप्रिल, रात्री ९:१५

फोटो जोडतोय. डावा डोळा काचेसारखा. उजव्यात बाहुलीच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका राहिलाय. दोन आठवडे झाले, वाढत नाही आणि जातही नाही.

शंखिनी | २ एप्रिल, रात्री ९:४०

तो वण आहे. तुझ्या घरचे म्हणत होते ते फूल, आता खरोखर पडलं. बहुधा राहील. कडेला आहे, त्याला दिसायला अडचण नाही. त्यावर काही घालू नकोस.

खारा_वारा | २ एप्रिल, रात्री ९:५५

नाही घालत. एक विचारायचं होतं. दुकानात एक सुंदर फेअरी रास आलाय...

जुना_गळ | २ एप्रिल, रात्री १०:०२

क्वारंटाइनची टाकी आहे का?

खारा_वारा | २ एप्रिल, रात्री १०:०४

साठ लिटरची आजच मांडली, तळाला पाइपचे तुकडे टाकून. पण तिच्यासाठी स्पंज नाही.

जुना_गळ | २ एप्रिल, रात्री १०:०६

आज सम्पमध्ये टाका. दुकानात महिन्याने जा.

रात्रपाळी | २ एप्रिल, रात्री १०:०९

माझ्याकडे महिनाभर रुजलेला स्पंज आहे. डब्यात टाकीचं पाणी घालून देतो, हवा तर घेऊन जा. माझ्या टाकीत दोन वर्षांत नवा मासा आलेला नाही, तरी हा स्पंज ठेवलेल्या टाकीत अमोनिया मोजल्याशिवाय रास आणू नकोस.